धुकं बघायला अरबस्तानात

मंदारचा मेसेज आला, ‘ताई, सीझन फुल जोरात!’ आणि खाली फोटो. फोटोत काय, तर पांढरं. नीट बघितलं तेव्हा त्या पांढऱ्यात खालच्या कोपऱ्यात एका उंटाची मागची बाजू सापडली. बाकी सगळं धुकं. माझा धाकटा भाऊ मस्कतला असतो आणि दर वर्षी ऑगस्टमध्ये न चुकता मला सलालाच्या धुक्याचे फोटो पाठवतो. आणि दर वर्षी ऑगस्टमध्ये न चुकता माझं डोकं फिरतं.

मी त्या वेळी टूनगॅबीतल्या आमच्या घरामागे कपडे वाळत घालत होते. सिडनीतला ऑगस्ट म्हणजे कोरडा खडखडीत. वारा असा सुटतो की चादर तारेवर टाकावी तर ती आपल्यालाच गुंडाळते. ओठ फुटतात, शेजारच्या वॅटलच्या झाडाची पिवळी पूड नवऱ्याच्या काळ्या पँटींवर येऊन बसते, आणि सगळे वाळत घालून होईपर्यंत पहिला टॉवेल वाळलेलाही असतो. मी ज्या गावात वाढले तिथे जूनमध्ये धुतलेला टॉवेल गणपतीपर्यंत ओला असायचा. त्यामुळे वाळलेल्या कपड्यांचा वास मला अजूनही चैनीचा वाटतो. असल्या सुंदर कोरड्या दुपारी, ज्याला इथे आर्व्हो म्हणतात, खिशातला फोन थरथरला आणि त्यातून धुकं बाहेर आलं. चिमटा हातातच राहिला माझ्या.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांना सांगते. ओमानच्या अगदी दक्षिणेला, समुद्राकाठी सलाला आहे. उन्हाळ्यात सगळा अरबस्तान तव्यासारखा तापलेला असतो, तेव्हा या एवढ्याशा तुकड्यावर समुद्रावरून ढग येतात, डोंगराला अडतात आणि तिथेच बसून राहतात. भुरभुर पाऊस, हिरवे डोंगर, धबधबे. त्या ऋतूला तिकडे खरीफ म्हणतात. आखातातल्या सगळ्या देशांतून लोक गाड्या भरभरून येतात. सतरंज्या, थर्मास, शेगड्या, आज्या, तान्ही मुलं. डोंगरउतारावर भुरभुरीत बसतात आणि मजेत भिजतात. त्यांचं काही चुकत नाही हो. मे महिन्यापासून जो माणूस गाडीचं स्टिअरिंग फडक्याने धरतोय, त्याला अंगावर पडणारा थेंब म्हणजे दिवाळीच. त्यांच्या जागी मी असते तर मीही गेले असते.

पण आम्ही गगनबावड्याचे! आणि आम्ही तिथे गेलो! हौसेने, विमानाने, बायका-मुलं, म्हातारी माणसं घेऊन धुकं बघायला अरबस्तानात गेलो. हे कुणाला सांगायचीही सोय नाही. ऑफिसात सांगितलं तर ते म्हणतात, “ऑ, लव्हली!” आणि कोल्हापूरच्या मावशीला सांगितलं तर ती फोनवर इतकी हसली की तिला ठसका लागला.

बाबा गगनबावड्याच्या हायस्कुलात भूगोल शिकवायचे. घाटमाथ्यावरचं गाव ते. पावसाळ्यात धुकं वर्गाच्या खिडकीतून आत यायचं आणि मागच्या बाकांवर बसायचं. बाबा हजेरी घ्यायचे ती आवाजावर. फळा ओला, खडू ओला, मुलं घोंगड्यांत. घरी आई टोपलीखाली शेगडी ठेवून वर आमचे कपडे पसरायची, त्यामुळे सगळ्या वर्गालाच धुराचा वास यायचा. आणि अभ्यासक्रमाची गंमत अशी, की ‘वाऱ्याचे कार्य’ हा धडा नेमका श्रावणात यायचा. बाहेर कोसळतंय, आणि आत बाबा कोरड्या फडक्याने फळ्याचा एक तुकडा पुसून त्यावर वाळवंट काढतायत. भूछत्र खडक. सैफ टेकड्या. आणि त्यांची लाडकी बारखाण. चंद्रकोरीसारखी वाळूची टेकडी. “वारा इकडून येतो. ही बाजू मंद उताराची, ही तीव्र. आणि ही वरची कड बघा. सुरीच्या धारेसारखी. बारखाण ओळखायची ती कडेवरून.” ती कड ते एका झटक्यात काढायचे, खडू न उचलता. मी त्यांच्याच वर्गात होते. एकदा एका मुलाने विचारलं, “सर, तिथं पाऊस कधी पडतो?” बाबा म्हणाले, “पडत नाही.” “अजिबात?” “अजिबात.” सगळा वर्ग उसासला.

शाळेत एक कपाट होतं. त्यात काचेच्या बाटल्या, प्रत्येकीवर बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी. काळी माती, जांभी माती, गाळाची माती. एका बाटलीवर ‘वाळवंटातील वाळू’. पण आत होती पंचगंगेची. बाबा दर वर्षी मुलांना ती दाखवायचे आणि दर वर्षी स्वतःच सांगायचे, “ही खरी नव्हे. खरी याहून बारीक असते, दाणा गोल असतो. मिळाली की बदलू.” मिळाली की बदलू! एवढं एक वाक्य म्हणत माणूस रिटायर झाला. शेवटच्या दिवशी निरोपाच्या शालीबरोबर ती बाटली घरी आली. नदीतली वाळू आईने तुळशीत ओतली.

पुढे आम्ही दोघं उडालो, मी सिडनीला, मंदार मस्कतला. आई-बाबा पुण्यात मंदारने घेतलेल्या फ्लॅटमध्ये आले. आणि मग बाबांच्या डोळ्यांचं निघालं. डॉक्टर म्हणाले, आतला पडदा झिजतोय, मधली नजर हळूहळू जाईल, चष्म्याचा किंवा ऑपरेशनचा उपयोग नाही. जे बघायचं ते बघून घ्या, असंही म्हणाले ते, बोलता बोलता. त्या रात्री आईने मला फोन केला आणि आवाज खाली आणून म्हणाली, “अगं, ह्यांना म्हणे वाळवंट बघायचंय. मला म्हणाले, मंदारला सांगू नकोस, उगाच त्याला त्रास.”

मी अर्थात लगेच मंदारला सांगितलं. इथपर्यंत सगळं सोपं होतं बघा. म्हाताऱ्याला वाळवंट बघायचंय, मुलगा वाळवंटाच्या देशात राहतो. आईच्या गुडघ्यांना सिडनीचा प्रवास झेपणार नाही असं तेव्हा सगळ्यांचंच मत होतं, म्हणून मध्यावर मस्कतला भेटायचं आधीच ठरलेलं. यात बिघडण्यासारखं काय आहे? सांगा ना. पण मंदारने खात्री करायला बाबांना फोन केला. आणि बाबा म्हणाले, “छे छे, वाळवंट काय, ती हिची कल्पना. तू म्हणशील तिथे जाऊ. मला काय, कुठेही चालेल.”

चालेल. आमच्या घराचा हा जुना आजार आहे. चहा घेणार? चालेल. साखर कमी पडलीय, चालेल? चालेल. बाबांना त्यांच्या बदलीच्या वेळी कोल्हापूर मिळत होतं, दुसऱ्या सरांची अडचण होती म्हणून चालेल म्हणाले आणि जन्मभर बावड्यात भिजले. आमच्याकडे हवंय असं म्हणणं म्हणजे जेवताना हात पुढे करून वाढून मागितल्यासारखं. चांगली माणसं नको म्हणतात, समोरच्याने ओळखायचं असतं. आणि समोरचाही आमच्याचपैकी असला की तो ओळखतो, पण भलतंच ओळखतो.

मी इथे एका बस कंपनीत ड्रायव्हरांचं रोस्टर लावते. दिवसभर माणसांना कुठे पाठवायचं ते ठरवणं हेच माझं काम. एकेक ड्रायव्हर सरळ येऊन सांगतो, “कान्ट डू संडे आर्व्हो, मेट. मुलाची मॅच आहे.” मी म्हणते, “नो वरीज.” संपलं! कुणी दुखावत नाही, कुणाचा मान जात नाही, बस वेळेवर सुटते. सुरुवातीला मला ही माणसं आगाऊ वाटायची. आता त्यांच्या पाया पडावंसं वाटतं.

तर मंदारने ओळखलं, की बाबांना सलाला दाखवावं. सीझन आहे, सगळं आखात तिकडे लोटतं, हॉटेल मिळत नाही तरी याने मिळवलं. मी फोनवर कपाळाला हात लावला. “अरे, पाऊस? बाबांना?” तर म्हणे, “ताई, हा वेगळा पाऊस आहे.”

दोन वर्षांपूर्वी, इराच्या जुलैच्या सुट्टीला जोडून शाळेचा एक आठवडा बुडवून, आम्ही मायलेकी गेलो. निखिलला, माझ्या नवऱ्याला, रजा नव्हती. सुटला बिचारा. मस्कतहून सलालाला विमानाने निघालो. मंदार म्हणाला होता, वाटेत पूर्ण वेळ खाली वाळवंट दिसतं. माझा जीव जरा भांड्यात पडला. म्हटलं, निदान वरून तरी. तर खिडकीत इरा. आणि खिडकीची झडप बंद, का तर तिच्या आयपॅडवर उजेड पडतो.

“इरा, आजोबांना बसू दे खिडकीत.”

“व्हाय? इट्स जस्ट ब्राऊन.”

“असू दे गं,” बाबा म्हणाले, “लेकराला बसू दे. मला काय.”

मी झडप वर केली. इरा किंचाळली. बाबा माझ्यावरून, इराच्या आयपॅडवरून वाकले, चष्मा कपाळावर सरकवला, मान तिरकी केली. तेव्हा त्यांना अजून बरंच दिसत होतं. आणि बरोबर त्याच वेळी विमान खाली उतरायला लागून ढगात शिरलं. खिडकीत पांढरं. बाबा सावकाश सरळ बसले आणि पट्टा लावला.

मग पुढचे दिवस आम्ही ओलेच होतो. मंदारने बारीक आखणी केली होती. पहिल्या सकाळी एका उंच कड्यावर नेलं. तिथून म्हणे सगळा किनारा दिसतो. पाटीवर किनाऱ्याचं चित्र होतं, त्यामुळे तो कसा असेल ते कळलं. आई छत्री धरून उभी होती आणि साडीचा काठ पिळत होती. “हेच बघायचं होतं,” ती मला म्हणाली, “तर आपल्या बावड्याच्या घराच्या पायरीवर बसून दिसलं असतं की गं. इथे तर भजीसुद्धा नाहीत.” शेजारच्या सतरंजीवर एक मोठं अरब कुटुंब बसलं होतं. त्यांनी आम्हाला हाका मारून बसवलं, खजूर दिला, वेलची घातलेला चहा दिला. फार माया लावली हो त्या माणसांनी. त्यांच्यातले आजोबा आकाशाकडे हात करून बाबांना विचारत होते, “फर्स्ट टाइम? रेन, फर्स्ट टाइम?”

चाळीस पावसाळे घाटमाथ्यावर काढलेला माझा बाप हात जोडून म्हणाला, “व्हेरी नाइस. व्हेरी नाइस.”

मला हसू येत होतं आणि रडूही. पण जास्त करून राग येत होता.

समुद्राकाठच्या खडकांत भोकं आहेत, खालून लाट आदळली की कारंजं उडतं. ते बघितलं, म्हणजे त्याने भिजलो. चार चाकांच्या त्या फटफट्या चालवल्या, इरा आणि मी, चिखलात. रस्त्याकडेच्या टपरीवर शहाळी प्यायलो, केळी खाल्ली. नारळ आणि केळी! आई टपरीवाल्याच्या घडाकडे बघून म्हणाली, “आपल्याकडच्या बऱ्या.” धुक्यातून अचानक उंट यायचे, गाडीच्या काचेशी तोंड आणून आत बघायचे. बिचारे भिजून लोळागोळा झाले होते. मला वाटलं, यांनाही कुणीतरी सांगितलं असेल की सीझन आहे.

संध्याकाळी मेळ्यात गेलो. खरं सांगते, मेळा सुंदर होता. ओल्या मैदानावर रंगीत दिवे, ढोल, काठ्या घेऊन रांगेत डुलणारे पुरुष, पाळणे, निखाऱ्यांवरच्या मांसाचा धूर, आणि सगळ्यावर लोबानाचा वास. एक आजीबाई लोबानाच्या राशी मांडून बसल्या होत्या. बाबा तिथे थबकले. लोबानाचं झाड कुठे उगवतं, असं त्यांनी मंदारला विचारायला लावलं. आजीबाईंनी हाताने डोंगर दाखवला आणि मग तोच हात उडी मारल्यासारखा डोंगरापलीकडे नेला. कोरड्या बाजूला.

बाबांचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! “पर्जन्यछाया,” ते म्हणाले. “बरोबर. ढग इकडे अडतात, म्हणजे पलीकडे कोरडं असणारच. आपल्याकडे बावड्यात पाऊस आणि माणात दुष्काळ, तसंच. मंदार, पलीकडची बाजू किती लांब असेल रे?”

आयुष्यात पहिल्यांदा माणूस मागण्याच्या इतक्या जवळ आला होता. आणि माझा भाऊ, तोंडात कबाब, म्हणाला, “पलीकडे काही नाहीये, बाबा. नुसती वाळू.”

“हो का,” बाबा म्हणाले.

त्या रात्री हॉटेलच्या पॅसेजमध्ये मी मंदारला इतकं झापलं की एका खोलीचं दार उघडून कुणीतरी बघून गेलं. तो गोरामोरा झाला. म्हणाला, “ते मला स्पष्ट का सांगत नाहीत?” पण त्याने गाडी ठरवली. डोंगर ओलांडला की दहा मिनिटांत धुकं संपतं, पुढे दोन-तीन तासांवर मोठं वाळवंट. उद्या जायचं. मी झोपले ती पोरीसारखी खूश होऊन.

सकाळी गाडी दारात. सगळे बसलो. आणि मंदार, प्रामाणिक गाढव, मागे वळून म्हणाला, “बाबा, तीन तास जायचे, तीन यायचे. तिकडे पंचेचाळीसच्या वर असेल. आईला त्रास होईल जरा. नाहीतर इथे जवळच तळ्यात बोटिंग आहे. तुम्ही म्हणाल तसं.”

मी ओरडले, “विचारू नकोस! गाडी चालव!”

पण उशीर झाला होता. बाबांनी आईच्या गुडघ्यांकडे बघितलं, इराकडे बघितलं. “इराला बोटीत बसायचं असेल ना? मग बोटच बरी. मला काय, कुठेही चालेल.” इरा म्हणाली, “आय डोन्ट केअर.” आई म्हणाली, “मला काही होत नाही, पण तुम्ही ठरवा.” आणि गाडी बोटीकडे वळली. मी तळ्याशी पोचल्यावर खाली उतरलेच नाही. अगदी काच वर करून, हाताची घडी घालून बसून राहिले. पंचेचाळिशीला आलेली बाई! धुक्यातून वल्ह्यांचा आवाज येत होता आणि मधूनच बाबांचा, “व्हेरी नाइस.”

थोड्या वेळाने आई बोटीला कंटाळून गाडीत येऊन बसली. पर्समधून तिने काहीतरी काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. तीच काचेची बाटली. रिकामी, धुऊन पुसून लख्ख, आणि वर बाबांच्या अक्षरात ‘वाळवंटातील वाळू’. “ह्यांच्या स्वेटरच्या घडीत होती,” आई म्हणाली. “पुण्याहून आणलीय.” आम्ही दोघी समोरच्या पांढऱ्या काचेकडे बघत बसलो. वायपर चालू होता.

निघताना विमानतळावर आईने त्या बाटलीत लोबान भरला. रिकामी बाटली घरी नेणं तिला बरं वाटेना. बाबा म्हणाले, “छान केलंस.” मला तिथेच जमिनीवर बसून पाय आपटावेसे वाटले.

आणि पुढचं ऐका. काही महिन्यांनी मंदार बोलता बोलता मला म्हणाला, त्याला स्वतःला तो सीझन मुळीच सोसत नाही. दमट हवेने त्याचा दमा उठतो. त्या आठवड्यात तो बाथरूममध्ये जाऊन पंप ओढत होता. “मग कशाला नेलंस रे?” तर म्हणे, “मला वाटलं, पुण्याच्या फ्लॅटमध्ये बाबांना बावड्याची आठवण येत असेल. डोळे जायच्या आधी त्यांना एकदा धुकं दाखवावं.” आता याला काय म्हणायचं? रागवायचं तरी कुणावर? इराला हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात डुंबायचं होतं. आईला नुसतं एका जागी बसून माझ्याशी बोलायचं होतं. मला बाबांना वाळवंटात उभं बघायचं होतं. पाच माणसं, आणि त्या बोटीत बसायचं पाचांपैकी एकाच्याही मनात नव्हतं. सगळे एकमेकांसाठी भिजलो. प्रेम म्हणायचं तर याला प्रेमच म्हणायला पाहिजे, आणि मला तर चीड येते या प्रेमाची. मनापासून येते.

परवा कपडे अर्धवट टाकून मी आत आले आणि तिघांचा व्हिडिओ कॉल लावला. बाबा आता फोनकडे सरळ बघत नाहीत. मधली नजर गेलीय, म्हणून मान वळवून डोळ्याच्या कडेने बघतात. त्यामुळे ते दुसऱ्याच कुणाशी तरी बोलतायत असं वाटतं. मंदारने त्यांना विचारलं, “बाबा, फोटो बघितलात का सलालाचा?”

“अरे, फोटो कशाला,” बाबा हसून म्हणाले, “आता मला घरबसल्या सलालाच दिसतं. सकाळी डोळे उघडले की समोर तुझा सीझन.”

आई पलीकडून म्हणाली, “काहीतरीच बोलता तुम्ही.” मंदार घाईघाईने म्हणाला, “बाबा, डिसेंबरमध्ये या. डिसेंबरमध्ये वाळवंटाचा सीझन असतो. थंडी मस्त. तंबू, शेकोटी, उंटावरून फेरी, सगळं बुक करतो. या वेळी नक्की. चालेल?”

“चालेल,” बाबा म्हणाले.

माझा संयम तिथे सुटला. “बाबा, बास! चालेल म्हणू नका! आयुष्यात एकदा तरी तोंडाने सांगा, तुम्हाला काय हवंय ते! आम्ही काय मनकवडे आहोत? तुमच्या चालेलपायी पोराने दमा काढला, आईने गुडघे दुखवले, मी त्या मेल्या गाडीत बसून रडले. कुणासाठी? सांगा ना!”

“अगं, ओरडतेस काय त्यांच्यावर,” आई म्हणाली.

मागच्या दारातून चादरीची फडफड ऐकू आली. बाबांनी मान वळवली, कडेने मला शोधलं. मग म्हणाले, “डिसेंबरपर्यंत थांबू नका.”



“डॉक्टर काय म्हणतात ते मला कळतं,” बाबा हळू म्हणाले. “मधलं गेलंय. कडा दिसतात अजून. डिसेंबरचं काही सांगता येत नाही.”

“पण बाबा, आत्ता तिकडे पन्नासपर्यंत जातं,” मंदार म्हणाला. “आत्ता वाळवंटात कुणालाच नेत नाहीत.”

इरा सोफ्यावर लोळत होती. आता अकरा वर्षांची झालीय. ती आयपॅडमधून डोकं न काढता म्हणाली, “व्हाय डोन्ट दे जस्ट कम हिअर? मम, वी हॅव, लाइक, ऑल द सँड.”

मी तिच्याकडे बघतच राहिले. इथे मिल्ड्युरा नावाच्या गावाजवळ लाल वाळूच्या टेकड्या आहेत. सिडनीहून विमान जातं, पुढे गाडी थेट पायथ्याला लागते. आणि ऑगस्टमध्ये तिथे ऊन कोवळं असतं, आभाळ कोरडं ठक्क. आई-बाबांचा व्हिसा गेल्या वर्षीच काढून ठेवलाय, आईच्या गुडघ्यांचं निमित्त सांगत सगळ्यांनी तसाच पडू दिलाय. मी हे सगळं एका दमात फोनमध्ये ओतलं.

“माझ्या गुडघ्यांचं मी बघीन,” आई म्हणाली. “व्हीलचेअर मिळते विमानतळावर. मला कुणी विचारलं होतं का?”

“ऑस्ट्रेलियात बारखाण कमी,” बाबा म्हणाले. “तिकडे लांबट टेकड्या जास्त. चालतील.”

“बाबा!”

ते थांबले. एवढा वर्ग गाजवलेला माणूस, आणि त्यांना ते वाक्य सापडेना. मंदार त्याच्या चौकोनात श्वास धरून बसला होता.

“बघायच्या आहेत,” बाबा म्हणाले. मग घसा खाकरून, फळ्यासमोर उभं राहिल्यासारखं, मोठ्याने, “मला बघायच्या आहेत.”

आणि फोनपासून मान वळवून आईला म्हणाले, “अगं, ती बाटली घे. त्यातला लोबान काढ आधी.”